दोष पाहावा, पण कसा?

(वार्षिक स्नेहसंमेलनात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



या स्नेहसंमेलनात दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न मजपुढे उभा राहिला. मी मॅट्रिक झालेला, पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत घालविलेला एक सामान्य मनुष्य आहे. मोठ्या विषयांवर बोलण्यास अधिकारी वक्ते या व्यासपीठावर येऊन गेले आहेत व पुढेही येतील. मी आपणांस एका लहानशा वस्तूची हकीकत सांगणार आहे. ती वस्तू या क्षणी माझ्या कोटाच्या खिशात आहे. तो एक मिटता चाकू आहे. पुढच्या रांगेतील मंडळींनी घाबरण्याचे कारण नाही. आजवर त्याने फळांपलीकडे कशाचाही समाचार घेतलेला नाही.

माझे वडील बंधू अकाली गेल्यामुळे त्यांचा मुलगा लहानपणापासून आमच्याच घरी वाढला. तो अभियंता होऊन आता जर्मनीत कोलोन शहरी नोकरीस आहे. सन २०२२ च्या दिवाळीत तो घरी आला, तेव्हा काकूसाठी शाल व माझ्यासाठी एक लहानशी लाकडी पेटी त्याने आणली. मला चाकूचा नाद आहे हे त्यास लहानपणापासून ठाऊक. शाळेत असता मुलांच्या पेन्सिलींना टोक करून देण्यास मी नेहमी एक चाकू जवळ बाळगीत असे. गल्लीत सायकलवर सराण बसवून धार लावणारा आला की त्याच्यापाशी उभे राहून ठिणग्या पाहण्याची माझी हौस साठी उलटली तरी गेलेली नाही.

पेटीतील चाकू झोलिंगेन या गावचा होता. हे नाव आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना नवे नसावे. पूर्वी चांगल्या वस्तऱ्याच्या पात्यावर हे नाव कोरलेले असे. चाकूची मूठ अक्रोडाच्या लाकडाची, दोन्ही टोकांस पांढऱ्या धातूच्या टोप्या, आतून पितळेचे पत्रे आणि पाते साध्या कार्बन पोलादाचे. पात्याच्या पाठीकडे नखात धरून ओढण्यासाठी एक अर्धचंद्राकृती खाच. मिटताना कमानीचा जो ‘टक्’ असा आवाज येई तो ऐकून मन प्रसन्न व्हावे. पेटीत पावतीही राहिली होती. तीवर ३१० युरो हा आकडा होता. म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे पंचवीस हजार रुपये. एका चाकूस पंचवीस हजार! मी थक्क झालो.

आता माझ्या हातून जे घडले ते सांगतो. मी चष्मा पुसला, चाकू उघडला, खिडकीच्या उजेडात धरला आणि पाते हळूहळू फिरविले. नखाच्या खाचेखाली, डाव्या अंगास, मला एक रेघ दिसली. लांबी फार तर चार मिलिमीटर, आणि केसाहूनही बारीक. बाकी सर्व पाते आरशासारखे निळसर झाक मारीत होते. त्यात ती एकच रेघ आडवी. मी लगेच म्हणालो, “अरे, ही रेघ पाहिलीस का? एवढे पैसे घेतात आणि नीट घासतही नाहीत!”

हे माझे पहिले वाक्य. त्याआधी ‘सुंदर आहे’ असे मी म्हटले नव्हते, ‘कशाला एवढा खर्च केलास’ असेही म्हटले नव्हते. पुतण्याने चाकू हातात घेतला, रेघ पाहिली, आणि “खरेच की, काका. मी बदलून आणीन,” एवढेच बोलून तो पेटी मिटवू लागला. स्वयंपाकघराच्या दारातून माझी पत्नी म्हणाली, “धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, ते उगीच नाही.” मी त्यावर वाद घातला. म्हणालो, “गाय धर्माची असेल, पण मुलाने रोख पैसे मोजले आहेत. दात मोजण्याचा हक्क त्याला आहे, आणि त्याचा काका म्हणून मलाही आहे.”

त्या वेळी मला माझे म्हणणे बिनतोड वाटले होते. आज ते पूर्णतः चूक होते असे मी म्हणत नाही. भारी किंमत घेऊन उणी वस्तू देणाऱ्यास जाब विचारू नये, हा उपदेश करण्यास मी येथे उभा नाही. प्रश्न एवढाच आहे की दोष पाहावा कसा, सांगावा कोणास, आणि केव्हा.

चाकूपुरते बोलायचे तर त्याचे दोष दोन जातींचे असतात. एक कामाचा दोष आणि दुसरा दिसण्याचा दोष. मिटत्या चाकूत कामाचे दोष पारखण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. पाते उघडून टोकाकडे चिमटीत धरावे व आडवे हलवून पाहावे. ते डुगडुगत असेल तर सांध्याचा खिळा सैल आहे. चाकू मिटवून वरून पाहावे. पाते दोन्ही पत्र्यांच्या मधोमध बसले पाहिजे, एका बाजूस घासता कामा नये. कमान उघडतानाही व मिटतानाही घट्ट बोलली पाहिजे. लेचीपेची कमान एखाद्या दिवशी बोटावर पाते मिटवील. आणि शेवटी धार. पोलादास पाणी नीट दिले नसेल तर लावलेली धार दोन दिवसांत बसते. यांपैकी एकही दोष असता तर चाकू परत करणे हाच मार्ग होता, मग तो कोणीही, कितीही प्रेमाने दिलेला असो.

परंतु बंधूंनो, या चारांपैकी एकही परीक्षा मी त्या दिवशी केली नाही. मी पात्याची चकाकी तेवढी पाहिली आणि चकाकीतली रेघ तेवढी पाहिली. पुढे चार महिने तो चाकू माझ्या कपाटात राहिला. पुतण्या जाताना तो परत नेण्यास तयार होता, मीच म्हटले, “राहू दे, तू पत्र लिहून विचार.” त्या काळात मी अनेकदा पेटी उघडून पाही. प्रत्येक वेळी माझी दृष्टी आधी त्या रेघेवर जाई. एकदा तर मी शाळेतले जुने भिंग काढून तिची तपासणी केली. भिंगाखाली ती रेघ खांडवा-बुऱ्हाणपूरच्या रेल्वेमार्गासारखी मोठी दिसू लागली! अक्रोडाच्या मुठीवरील रेषांची नक्षी मात्र मी पाहिल्याचे मला स्मरत नाही.

पुतण्याने त्या कारखान्यास पत्र लिहिले होते. कारखाना लहान आहे, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांचे उत्तर सौजन्याचे आले : दिलगीर आहोत, चाकू पाठवून द्या किंवा कधी या बाजूस येणे झाल्यास घेऊन या, आम्ही पाहू. पुढे सन २०२३ च्या उन्हाळ्यात आम्हा उभयतांना पुतण्याने दोन महिन्यांसाठी कोलोनला बोलाविले, तेव्हा चाकू विमानाच्या मोठ्या सामानात बांधून मी बरोबर घेतला. हाताच्या पिशवीत चाकू नेता येत नाही, हे आपण जाणताच.

कोलोनहून झोलिंगेन आगगाडीने थोड्या वेळाच्या अंतरावर आहे. या गावाविषयी दोन गोष्टी सांगण्याचा मोह मला आवरत नाही, कारण त्या आपल्या ज्ञातिसंस्थेत सांगण्यासारख्या आहेत. मध्ययुगापासून हे गाव तलवारी व पाती घडवीत आले आहे. पंधराव्या शतकात तेथील कारागिरांचे संघ बांधले गेले : पोलादास पाणी देणारे व घासणारे यांचा एक, मुठी बसवून शस्त्र पुरे करणारांचा एक, आणि पाती घडविणाऱ्या लोहारांचा एक. बापाचा धंदा मुलाकडे जाई, बाहेरच्यास संघात सहजी प्रवेश नसे, आणि धंद्याचे मर्म परगावी नेणार नाही अशी शपथ घ्यावी लागे. म्हणजे आपल्याकडील बलुत्यांची आठवण व्हावी अशीच ती व्यवस्था. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच अमलात हे संघ मोडले गेले. परंतु नावाची अब्रू गावाने सोडली नाही. सन १९३८ मध्ये झोलिंगेन या नावाच्या रक्षणासाठी खास कायदा झाला. पाते घडविण्याची सर्व महत्त्वाची कामे त्या टापूतच झाली असतील व माल योग्य प्रतीचा असेल, तरच ते नाव त्यावर घालता येते. नोव्हेंबर १९४४ मध्ये बाँबवर्षावाने गावाचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला; तरी धंदा पुन्हा उभा राहिला. सन २०१२ पासून ‘पात्यांचे शहर’ ही उपाधी गावाच्या नावास अधिकृतपणे जोडलेली आहे.

गावाजवळून वुपर नावाची नदी वाहते. तिच्या काठी पाणचक्कीवर चालणारी जुनी घासणघरे होती. त्यांपैकी दोन आजही जतन केलेली आहेत. त्यांतील एकात पुतण्याने आम्हांस नेले. पाण्याच्या चाकावर फिरणाऱ्या पुरुषभर उंचीच्या वालुकाश्माच्या सराणी तेथे आहेत. कारागीर त्यांच्यासमोर वाकून पाते दाबून धरीत. पूर्वीच्या काळी त्या दगडाची बारीक धूळ त्यांच्या छातीत जाई. घासणाऱ्यांचा रोग या नावानेच तो विकार ओळखला जात असे, आणि अनेक कारागीर भर उमेदीत खोकून खोकून मरत. पुढे धूळ ओढून घेणारी यंत्रे आली, दगडाच्या जागी कृत्रिम सराणी आल्या, तेव्हा ही आपत्ती ओसरली. घासणघराच्या त्या अंधाऱ्या खोलीत उभा असता माझ्या मनात आले की, आपण ज्यास ‘आरशासारखे पाते’ म्हणून वाखाणतो त्या आरशापायी कोणाची तरी छाती खर्ची पडलेली आहे. कपाटातले भिंग मला त्या वेळी आठवले व किंचित लाज वाटली.

तेथून कारखान्याकडे जाताना पुतण्या, कधी बोलला नव्हता ते, सहज बोलल्यासारखे बोलला : “काका, त्या दिवशी तुम्ही त्या चाकूने काही कापून पाहिलेच नाहीत.”

मी उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर मजपाशी उत्तर नव्हते. लहानपणी मातीचा बैल करून त्याने मला दाखविला होता, तेव्हा “एक शिंग आखूड झाले आहे” असे मी म्हटल्याचे मला त्या क्षणी आठवले. तीस वर्षांत मी फारसा पुढे सरकलो नव्हतो.

कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीतील पाचसहा खोल्या. तेथे एक वयस्क कारागीर आम्हांस भेटला. वयाने माझ्या बरोबरीचा असावा. त्याची भाषा मला येत नव्हती व माझी त्यास. पुतण्या मधे दुभाष्या. कारागिराने चाकू हातात घेतला तो प्रथम मिटवून, कमानीचा आवाज ऐकून. मग त्याने पाते हलवून पाहिले. मग मिटवून वरून नजर टाकली. मग पात्याची धार आपल्या अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून दाबली, आणि मला जवळ बोलावून दाखविले : धारेचे पोलाद नखावर किंचित लवते व दाब काढताच पुन्हा सरळ होते. पाते धारेकडे किती पातळ घासले आहे व त्यास पाणी कसे उतरले आहे हे दोन्ही यावरून कळते. जाड पाते लवत नाही. पाणी कमी दिलेले पाते लवले तर वाकूनच राहते. पाणी जास्त झालेले पाते तुटते. एवढे सर्व झाल्यावर त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला व विचारले, “आता, ती रेघ कोठे आहे?”

सभ्य गृहस्थहो, मी शिक्षक होतो, परंतु त्या दिवशी पाठ मला मिळाला. कारागिराने दोषाकडे दुर्लक्ष केले नाही. त्याने दोष शेवटी पाहिला, एवढेच.

रेघ पाहून तो म्हणाला, “ही आमची चूक आहे. हा चाकू असा बाहेर जावयास नको होता.” मग त्याने कारण समजावून दिले. पाते घासताना आधी जाड कणांची सराण, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक, आणि शेवटी कातडे चढविलेल्या चाकावर तेल व कुरुंदाची बारीक पूड लावून ते निळसर चकाकीपर्यंत नेतात. प्रत्येक नवी सराण आधीच्या सराणीचे ओरखडे पुसते. पण एखादा जाड कण इतर कणांहून खोल रुतला तर त्याचा ओरखडा पुढच्या सर्व सराणींच्या खाली राहून जातो. वरचे सर्व पुसले जाते. तो तेवढा उरतो. पाते चकाकेपर्यंत तो दिसतही नाही. म्हणजे काम जितके उत्तम उतरावे तितका तो दोष ठळक दिसावा, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. विळ्याच्या किंवा कोयत्याच्या पात्यावर अशा शंभर रेघा असतात व त्यांतली एकही कोणी मोजीत नाही.

मी विचारले, “ही काढता येईल काय?” तो म्हणाला, “दहा मिनिटांचे काम आहे. पण ओरखडा भरून काढता येत नाही. तो ज्या खोलीवर आहे तेथवर भोवतालचे सर्व पोलाद उतरवावे लागते. एका ठिकाणी उतरविले तर तेथे खळगा दिसेल, म्हणून सबंध अंग उतरवावे लागेल, आणि मग जोडीला दुसरेही. हे पाते आधीच पातळ घासलेले आहे. रेघ जाईल, पाते तेवढे अशक्त होईल. नाहीतर मी तुम्हांला दुसरा चाकू देतो. तुम्ही सांगाल तसे.”

माझी पत्नी इतका वेळ गप्प बसून होती. ती म्हणाली, “याने सफरचंद कापून दाखवा म्हणावे.” पुतण्याने हसत भाषांतर केले. कारागिराने आपल्या डब्यातील सफरचंद काढले, माझ्या चाकूने त्याच्या फोडी केल्या आणि आम्हा तिघांस दिल्या. फोड अशी सुटली की सुरी लागल्याचे फळास कळू नये. मी म्हटले, “हाच चाकू राहू द्या. रेघही राहू द्या.” कारागिराने मान डोलाविली; पण निघण्यापूर्वी त्याने शेजारच्या खोलीतून एका तरुण मुलास बोलाविले, खिडकीपाशी नेऊन ती रेघ दाखविली व बराच वेळ काही सांगितले. पुतण्या म्हणाला, “तपासणीच्या वेळी पाते कोणत्या कोनात धरावे ते सांगताहेत.” म्हणजे मी दोष सांगितला हे व्यर्थ गेले नाही. फक्त तो सांगण्याची जागा ही होती. दोष सांगावा तो वस्तू करणाऱ्यास. मी तो प्रथम सांगितला देणाऱ्यास, ज्याच्या हाती तो सुधारणे नव्हते, केवळ खट्टू होणे होते.

ही हकीकत येथे संपली असती तर मी ती आपणांपुढे मांडली नसती. परंतु घरी परतल्यावर एका विवाहसमारंभात मला माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तालुक्याच्या गावी त्याचे लोखंडी सामानाचे दुकान आहे. पायां पडून तो मोठ्या आदराने म्हणाला, “गुरुजी, माझे शुद्धलेखन सुधारले ते केवळ तुमच्यामुळे.” मला आनंद झाला. मी म्हटले, “ते कसे?” तो म्हणाला, “सातवीत ‘आमच्या गावचा बाजार’ असा निबंध तुम्ही दिला होता. माझ्या वहीत तुम्ही चौदा लाल वर्तुळे केली होती. त्या दिवसापासून मी ठरविले की ज्या शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ आपल्याला पक्के ठाऊक आहे तेवढेच शब्द निबंधात घालायचे. पुढे वर्षभर एकही वर्तुळ पडले नाही.”

तो हे कृतज्ञतेने सांगत होता. मी मात्र बसल्या जागी थिजलो. कारण तो निबंध मला आठवला. त्या मुलाचे वडील बैलांच्या बाजारात दलाली करीत. रुमालाखाली बोटे धरून सौदा कसा होतो, कोणते बोट धरले म्हणजे काय भाव, विकलेला बैल नव्या धन्याच्या मागे जाताना मान वळवून कसा पाहतो, हे सर्व त्याने लिहिले होते. वर्गातील साठ मुलांपैकी कोणीही असे लिहिले नव्हते. त्यांनी ‘बाजारात भाजीपाला मिळतो’ असे शुद्ध लिहिले होते. मी त्या वहीत चौदा वर्तुळे केली, खाली ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ असा शेरा मारला, आणि बैलाविषयी एक अक्षरही लिहिले नाही. पुढे त्याचे निबंध निर्दोष येऊ लागले व इतरांसारखेच होऊ लागले. त्यांवर मीच ‘छान’ असा शेरा दिला होता.

रेघ गेली, पण पाते तेवढे उतरले. झोलिंगेनच्या त्या कारागिराने मला निदान विचारले तरी होते. मी त्या मुलास काहीच विचारले नव्हते.

शुद्धलेखन नको असे माझे म्हणणे नाही. ऱ्हस्वदीर्घाची चूक ती चूकच, आणि शिक्षकाने ती दाखविलीच पाहिजे. परंतु आधी बैलाबद्दल दोन ओळी लिहून मग मी वर्तुळे केली असती, तर शुद्धलेखनही सुधारले असते व बैलही वाचला असता. दोहोंत फरक पडला असता तो फक्त क्रमाचा. छत्तीस वर्षांत किती वह्यांत असे झाले असेल याचा हिशेब आता करता येत नाही. जो एक हिशेब हाती लागला तो मी आपणांपुढे ठेवला आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या संस्थेचा वधूवर मेळावा दरसाल भरतो. तेथे मीही कागद लिहिण्यास बसतो. मुलगी शिकलेली, कमावती, मनमिळाऊ. घरचे लोक भले. आणि नकार येतो तो ‘चष्मा आहे’ किंवा ‘उंची दोन बोटे कमी’ म्हणून. मुलाच्या बाबतीतही तेच. घराघरांत निकालाच्या दिवशी काय होते ते मी सांगावयास नको. मुलाने ब्याण्णव गुण आणले तर आपला पहिला प्रश्न उरलेल्या आठांबद्दल असतो. वडील मुलांचे, सासू सुनेचे आणि हल्ली सुनाही सासूचे असे दर्शन खिडकीच्या उजेडात, पाते फिरवून फिरवून घेत असतात. कामाचा दोष आणि दिसण्याचा दोष यांतला भेद आपण चाकूच्या बाबतीत शिकू शकतो. माणसाच्या बाबतीत तो शिकणे जड जाते. व्यसन, असत्य, क्रूरपणा हे कामाचे दोष. ते प्रेमापोटी झाकू नयेत, झाकल्यास एके दिवशी पाते बोटावर मिटते. परंतु केसाएवढ्या रेघेसाठी चांगले पोलाद नाकारणे, किंवा ती काढण्याच्या हट्टाने ते उतरवून टाकणे, यात शहाणपण नाही.

म्हणून मी आता स्वतःपुरते तीन प्रश्न ठरविले आहेत. कोणतीही वस्तू, वही किंवा व्यक्ती समोर आली की मी आधी विचारतो : ही कामाला कशी उतरते? त्यानंतर विचारतो : जे खुपते आहे ते कामाचे की दिसण्याचे? आणि तिसरा प्रश्न, जो मी सर्व आयुष्यात कधी विचारला नव्हता : हा दोष काढावयाचा तर त्यासाठी काय उतरवावे लागेल, आणि ते कोणाच्या अंगावरून? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर तोंड उघडावे. वयाच्या पासष्टाव्या वर्षी हे सुचले; तरुण मंडळींना लवकर सुचावे म्हणून हा प्रपंच.

आता शेवटी चाकूचे वर्तमान सांगून पुरे करतो. साध्या कार्बन पोलादाचे पाते गंजू नये म्हणून पुसून कोरडे ठेवावे लागते. न गंजणाऱ्या पोलादात सुमारे तेरा टक्के क्रोमियम असते, ते यात नाही. त्यामुळे आंबट पदार्थ कापला की यावर करडी-निळी कळा चढते. नवे पाते काळवंडते म्हणून कित्येकजण हळहळतात. परंतु ही कळा म्हणजे गंज नव्हे. पाते पुसून ठेवले तर ती त्यास थोडेफार जपतेच. गतवर्षी चैत्रात कैऱ्यांचे लोणचे घालताना आमच्या घरी पत्नीने अडकित्ता बाजूस ठेवून बाठ नसलेल्या कोवळ्या कैऱ्या याच चाकूने चिरल्या. सायंकाळपर्यंत पात्यावर पावसाळी आभाळासारखे रंग उतरले होते. त्यात ती रेघ आहे, पण खाचेखाली बोट ठेवून शोधावी लागते. पुतण्याचा दूरध्वनी आला तेव्हा मी त्यास चाकू दाखविला व म्हटले, “बाळ, या चाकूने कैरी उत्तम कापली जाते. त्या दिवशीच सांगावयाचे होते, ते आज सांगतो.” तो हसला आणि म्हणाला, “काका, लोणचे पाठवा.”

लोणचे पाठविले आहे. बरणीचे झाकण किंचित तिरके बसते, असे त्याने कळविले आहे. घरचेच वळण, दुसरे काय!

माझ्या या साध्या बोलण्यातही रेघा पुष्कळ असतील.  एवढे बोलून अध्यक्षमहाराजांची अनुज्ञा घेऊन मी खाली बसतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.